आधी ठरव, पीएचडी हवीच आहे का?

अगं, स्कूल सायकॉलॉजीच्या पीएचडीचे अर्ज भरायला बसण्याआधी एवढं ठरव. अमेरिकेत शाळेत स्कूल सायकॉलॉजिस्ट (मुलांच्या अभ्यासातल्या, वागण्यातल्या अडचणी बघणारा मानसशास्त्रज्ञ) व्हायला बहुतेक राज्यांत ईडीएस, म्हणजे मास्टर्स आणि पीएचडीच्या मधली स्पेशालिस्ट पदवी, पुरते. साधारण ३ वर्षं, त्यातच १२०० तासांची इंटर्नशिप. पीएचडीला ५-६ वर्षं जातात. संशोधन, प्राध्यापकी किंवा शाळेबाहेर स्वतःची प्रॅक्टिस डोक्यात असेल तरच त्या वाटेला जा. आणि पीएचडीच्या प्रोग्रॅमला एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) मान्यता आहे ना, ते आधी बघ.

माझी पहिली एसओपी (अर्जासोबत ‘मला हे का शिकायचंय’ ते सांगणारा निबंध) ‘मला लहान मुलं खूप आवडतात’ अशी सुरू व्हायची. सगळीकडून नकार! (आवडतात तर सगळ्यांनाच.) पुढच्या वर्षी दुसरीतल्या एका मुलाबद्दल लिहिलं. तोंडी हिशेब फटाफट करायचा, पण तेच गणित वाचायला दिलं की बोट पहिल्याच शब्दावर थांबायचं. अर्जही वाचन-अडचणींवर काम करणाऱ्या प्राध्यापकांकडेच केले. मुलाखती आल्या.

बऱ्याच ठिकाणी मुदत डिसेंबरात असते, म्हणून शिफारसपत्रं सप्टेंबरातच माग. आपल्याकडचे सर ‘हुशार, होतकरू’ लिहून मोकळे होतात. त्यांना तुझ्या कामाचे दोन प्रसंग लिहून दे. असिस्टंटशिप (विद्यापीठात काम करायचं, बदल्यात फी आणि खर्चाला पैसे) किती वर्षांची, हे मुलाखतीत बिनधास्त विचार. मी लाजले, आणि दुसऱ्या वर्षाची फी खिशातून भरली.