मुलीचा जन्म २९ फेब्रुवारीचा आहे. दरवर्षी वाढदिवस कधी करायचा? या तारखेला आणखी कोण जन्मलं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी २९ फेब्रुवारी २०२४ची. पहिला वाढदिवस तुम्ही २८ तारखेला केलात, सासूबाई म्हणतात १ मार्चलाच करायला हवा होता, आणि येत्या फेब्रुवारीत पुन्हा हीच चर्चा घरात होणार. शिवाय या दिवशी आणखी कोण जन्मलं आणि जगात हा दिवस कशासाठी पाळतात, तेही विचारलंय. मी स्वतः २९ फेब्रुवारीची. १९७६ साल, रविवार, दुपारची वेळ. त्यामुळे प्रश्न वाचल्यावर उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही.

आमच्या घरी आजीपुढे हा प्रश्न कधी आलाच नाही. ती तिथीवर चालणारी, आणि माझी तिथी माघातली अमावस्या. शिवरात्र झाली की ती म्हणायची, "आता तुझा वाढदिवस." शेजारच्या काकू दरवर्षी नाक मुरडायच्या, अमावस्येला कसलं औक्षण करता म्हणून. आजी शांतपणे निरांजनात तूप घालत सांगायची, "नात अमावस्येला आली, तिला मी पौर्णिमेला ओवाळू का?" पाटावर बसवून सुपारी आणि अंगठी ओवाळायची, शेवयांची खीर करायची. तारीख चार वर्षांनी एकदा येते हे मला शाळेत गेल्यावर कळलं, तोवर माझा वाढदिवस दरवर्षी वेळेवर होत होता.

शाळेत नाव घालताना गुरुजींनी वडिलांना सुचवलं की १ मार्च लिहू, पुढे पोरीला त्रास नको. गुरुजींचा हेतू चांगलाच होता. त्या काळी गावात जन्मतारखा अशाच लागायच्या, आमच्या भावकीतली कितीतरी माणसं कागदावर १ जूनची आहेत. पण वडील म्हणाले, जी आहे तीच लिहा. याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. म्हणून तुम्हालाही पहिली विनंती ही, की सोय म्हणून जन्मदाखल्यावरची तारीख कुणाच्या सांगण्यावरून बदलू नका. ऑनलाइन फॉर्म भरताना कधी कधी अडतं खरं, पण आधी वर्ष निवडून मग महिना आणि दिवस निवडला की बहुतेक ठिकाणी निभावतं.

आता २८ की १. तुमच्या बाजूने कायदा आहे. सज्ञान होण्याच्या वयाबद्दलचा १८७५चा भारतीय कायदा करणाऱ्यांनी आपल्यासारख्यांचा विचार केला होता. मूळ कायद्यात नियम समजावायला जी उदाहरणं दिली होती, त्यांत २९ फेब्रुवारी १८५२ला जन्मलेल्या एका काल्पनिक मुलाचं उदाहरण होतं, आणि तो २८ फेब्रुवारीला दिवस सुरू होताच सज्ञान झाला असं धरलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात आपल्या तारखेची दखल घेतलेली पाहून मला फार बरं वाटलं होतं. सरकारी नोकरीत तर फरकच पडत नाही. जन्म ज्या महिन्यात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस निवृत्त होतो, आणि १ तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे २९ फेब्रुवारीवाला आणि १ मार्चवाला एकाच दिवशी घरी येतात.

सासूबाईंच्या बाजूने मात्र त्याहून सुंदर पुरावा आहे. आकाशवाणीच्या बातम्यांच्या सुरुवातीला "भारतीय सौर दिनांक" सांगतात ना, ते आपलं राष्ट्रीय पंचांग. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ते तयार केलं आणि २२ मार्च १९५७पासून, म्हणजे १ चैत्र १८७९पासून ते सरकारी कामात आलं. त्यात वाढीव दिवस फेब्रुवारीच्या आसपास कुठेच नाही, तो चैत्रात घातलाय. एरवी ३० दिवसांचा चैत्र लीप वर्षात ३१ दिवसांचा होतो. त्यामुळे २९ फेब्रुवारी म्हणजे १० फाल्गुन, आणि लीप नसलेल्या वर्षी १० फाल्गुन येतो बरोबर १ मार्चला. तुमच्या मुलीची जन्मतारीख १० फाल्गुन शके १९४५. ती एकाही वर्षी गायब होत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात कोपऱ्यात बारीक अक्षरांत "भारतीय सौर" छापलेलं असतं, तिथे बघा.

हे मला वडिलांनी सातवी-आठवीत असताना रेडिओवरच्या बातम्या ऐकताना दाखवलं. तेव्हापासून मी १ मार्च धरते. तिथीचं औक्षण वेगळं, ते आजी असेपर्यंत चाललं. तुम्ही २८ धरलीत तरी चुकणार नाही, पण एकदा जी ठरवाल ती दरवर्षी तीच ठेवा. मुलांना आपला दिवस ठरलेला हवा असतो. आणि खरी तारीख येईल त्या वर्षी हात आखडता घेऊ नका.

ही तारीख आलीच कुठून ते थोडक्यात. पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला ३६५ दिवस आणि जवळपास पावणेसहा तास लागतात. ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४५मध्ये दर चार वर्षांनी एक दिवस वाढवायची पद्धत घातली, पण तो दिवस २९ तारखेला नव्हता. रोमन लोक २४ फेब्रुवारीच दोनदा मोजायचे. वर्षाला अकरा मिनिटं जास्त धरली गेली आणि साचत साचत दहा दिवसांचा घोळ झाला. म्हणून १५८२मध्ये पोप ग्रेगरी तेराव्याने ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आणला, आणि शतकाच्या वर्षांना ४००ने भाग जात असेल तरच ते लीप धरायचं असं ठरवलं. स्वीडनने हा बदल हळूहळू करायला घेतला, मध्येच घोटाळा झाला आणि जुन्या गणनेवर परतण्यासाठी १७१२मध्ये तिथे चक्क ३० फेब्रुवारी आला. त्या दिवशी जन्मलेल्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आता सोबती. आपल्याकडचं सर्वांत मोठं नाव मोरारजी देसाई, जन्म २९ फेब्रुवारी १८९६, वलसाडजवळचं भदेली गाव. मराठी माणसाच्या मनात त्यांच्याविषयी कडू आठवण आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गोळीबार झाले तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेच होते, आणि हुतात्मा चौकातून जाताना ते विसरता येत नाही. तरी आपल्या तारखेची गोष्ट सांगायची तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते. १९०० हे शतकाचं वर्ष, ४००ने भाग न जाणारं, म्हणून लीप नव्हतं. चार वर्षांचा मोरारजी आपल्या तारखेची वाट बघत असता तर ती आलीच नसती. पहिल्यांदा ती आली २९ फेब्रुवारी १९०४ला, तेव्हा तो आठ वर्षांचा झाला होता.

आणि नेमक्या त्याच दिवशी, २९ फेब्रुवारी १९०४ला, मदुराईत एक मुलगी जन्मली. त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. सोळाव्या वर्षी त्यांनी थिऑसॉफिकल सोसायटी या आध्यात्मिक संस्थेतल्या जॉर्ज अरुंडेल या इंग्रज गृहस्थाशी लग्न केलं, त्यावर तेव्हा मोठा गदारोळ झाला. प्रतिष्ठित घरातल्या मुलींनी ज्या नृत्याकडे बघूही नये असं समजलं जायचं, ते शिकून त्यांनी १९३५मध्ये मद्रासच्या अड्यारला सगळ्यांसमोर सादर केलं. पुढच्याच वर्षी कलाक्षेत्र या त्यांच्या नृत्य-संगीताच्या संस्थेची सुरुवात झाली. आज कुठल्याही गावात मुली भरतनाट्यम् शिकायला क्लासला जातात, त्यामागे या बाईंचं धाडस आहे. राज्यसभेत त्यांनी प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध विधेयक मांडलं. त्यातूनच १९६०चा कायदा आला, आणि १९६२मध्ये प्राणी कल्याण मंडळ झालं तेव्हा त्या त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

१९७७ साली मोरारजी पंतप्रधान झाले, वय ८१, पण खरे वाढदिवस फक्त १९ झालेले. त्याच वर्षी राष्ट्रपती निवडायचा होता. मोरारजींनी विचारणा केली ती रुक्मिणीदेवींना. त्यांनी नकार दिला आणि पुढे नीलम संजीव रेड्डी राष्ट्रपती झाले. त्या हो म्हणाल्या असत्या तर देशाचे राष्ट्रपती आणि पंतप्रधान दोघेही २९ फेब्रुवारीचे असते, एकाचा पहिला वाढदिवस तो दुसरीचा जन्मदिवस. मला या तारखेबद्दल जे जे माहीत आहे त्यात ही गोष्ट सर्वांत प्रिय आहे.

मोरारजींचं आणखी एक. पूर्वी अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी मांडत, म्हणून अर्थमंत्री असताना १९६० आणि १९६८ला त्यांनी तो आपल्या वाढदिवशीच मांडला. अनेक ठिकाणी १९६० ऐवजी १९६४ लिहिलेलं दिसेल, ते खरं नाही. १९६३च्या ऑगस्टमध्ये कामराज योजनेत, म्हणजे ज्येष्ठ नेत्यांनी पदं सोडून पक्षाचं काम करावं या योजनेत, त्यांनी मंत्रिपद सोडलं होतं, १९६४चा अर्थसंकल्प टी. टी. कृष्णम्माचारींचा. मुलीला मोठेपणी सांगाल तेव्हा बरोबर सांगा. मोरारजी १९९५च्या एप्रिलमध्ये गेले, ९९ वर्षांचे होऊन, २३ वाढदिवस करून.

बाहेरच्या देशांतले थोडक्यात सांगते. इटलीचा संगीतकार रोसिनी १७९२चा, त्यालाही १८००ची गाठ पडलीच नाही. अमेरिकेचा हर्मन हॉलेरिथ १८६०चा. त्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांच्या यंत्रांवर तिथली १८९०ची जनगणना मोजली गेली, आणि त्याची कंपनी ज्यात विलीन झाली तिचं नाव पुढे आयबीएम झालं. आज ऑस्ट्रेलियात असलेल्या टास्मानियाचे प्रीमियर, म्हणजे सरकारप्रमुख, राहिलेले जेम्स मिल्ने विल्सन २९ फेब्रुवारी १८१२ला जन्मले आणि १८८०च्या २९ फेब्रुवारीलाच वारले. नॉर्वेतल्या एका घरात तर तीन भावंडं ओळीने १९६०, १९६४ आणि १९६८च्या २९ फेब्रुवारीला जन्मली.

हा दिवस पाळतात त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दुर्मिळ आजार दिन. पहिल्यांदा तो २९ फेब्रुवारी २००८ला युरोपात पाळला. जी तारीख क्वचित येते तीच क्वचित होणाऱ्या आजारांसाठी निवडली. आता इतर वर्षी तो फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी होतो. हे आजार एकेकटे फार थोड्यांना होतात, म्हणून औषध शोधायला कुणी पुढे येत नाही आणि निदान व्हायलाच कित्येक वर्षं जातात. आई-बाप या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरत राहतात. आपल्याकडे २०२१मध्ये यासाठी राष्ट्रीय धोरण आलं. उपचारांना ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि ठरवून दिलेल्या मोठ्या केंद्रांत मुंबईचं केईएम आहे. मी गेली काही वर्षं माझ्या वाढदिवसाला ही माहिती ओळखीच्यांना पाठवते. एका मैत्रिणीच्या भाच्याला त्यातून वाट सापडली.

आयर्लंडमध्ये या दिवशी बाईने पुरुषाला लग्नाची मागणी घालायची रीत होती. नाही म्हणणाऱ्याने तिला हातमोजे किंवा रेशमी कापड द्यायचं. वाढीव वेळ मिळाला की माणसं काहीतरी वेगळं करतात, असं दिसतं. आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे जातातच की. २०२६मध्ये १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे, सासूबाईंना ठाऊक असेलच.

फ्रान्समध्ये एक वर्तमानपत्र फक्त २९ फेब्रुवारीला निघतं. त्याचं नाव एका जुन्या चित्रकथेतल्या, याच तारखेला जन्मलेल्या सैनिकावरून ठेवलंय. पहिला अंक १९८०चा, म्हणजे माझा पहिला खरा वाढदिवस. २०२४ला त्याचा बारावा अंक निघाला, त्या दिवशी मीही माझा बारावा वाढदिवस केला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आणि त्याच दिवशी तुमची मुलगी आली.

तिच्यासाठी एक हिशेब मी मुद्दाम करून ठेवलाय. २१०० हे वर्ष लीप नाही. म्हणजे मोरारजींना बालपणी जी आठ वर्षांची वाट बघावी लागली, ती तिला म्हातारपणी बघावी लागेल: २०९६ला बहात्तर आणि मग थेट २१०४ला ऐंशी. पण ते फार पुढचं. आधी २०२८. त्या वर्षी २९ फेब्रुवारी मंगळवारी आहे. ती चार वर्षांची होईल, मी बावन्नची. तिचा पहिला, माझा तेरावा. फोटो टाकलात तर मला फार आनंद होईल.