मस्टँग २८९ चढावर नॉक होते? हेड उघडण्याआधी टायमिंग बघा

तुमचं पत्र वाचलं. तुमची गाडी १९६६ ची मस्टँग, २८९ घनइंचाचं व्ही-८, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) १०:१. टाकीत ९१ ऑक्टेनचं (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉक रोखण्याची ताकद) प्रीमियम असूनही कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोहून ऑबर्नकडे भर उन्हात चढताना बॉनेटखाली चिंचोके खुळखुळतात (हाच नॉक, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकून होणारा ठोका), आणि मेकॅनिक म्हणतो जाड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन उतरवू. कृपा करून हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, एवढ्यात हात लावू देऊ नका. जाड गॅस्केटने पिस्टन आणि हेडच्या सपाट भागातली फट वाढते, मिश्रण पूर्वीसारखं घुसळलं जात नाही आणि कॉम्प्रेशन उतरूनही नॉक तसाच राहू शकतो.

पेट्रोलबद्दल आधी थोडं. जुन्या काळच्या ९८-१०० ऑक्टेनच्या गोष्टी ऐकून घाबरू नका. ते आकडे बहुतेक रिसर्च पद्धतीचे असत. अमेरिकेतल्या पंपावर रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींची सरासरी लिहितात, भारतात नुसता रिसर्च आकडा. म्हणजे इथलं ९१ हे भारतातल्या ९५-९६ च्या आसपासचं. १०:१ ला ते काठावरचं आहे, पण पुरतं. माझी १९६५ ची ए-कोड, म्हणजे हेच चार बॅरलचं २८९ असलेली मस्टँग, त्यावरच चालते.

ती आधी चालत नव्हती. मी दोन उन्हाळे कार्ब्युरेटर आणि प्लगांवर घालवले, आणि शेवटी दोष निघाला डॅम्परमध्ये. डॅम्पर म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकाचं कंप शोषणारं चाक, त्याची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते. इतक्या वर्षांत रबर सुटतं, कडी सरकते, तिच्यावरच्या खुणाही सरकतात. मी टायमिंग लाइट लावून टायमिंग, म्हणजे पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी ठिणगी पडायची वेळ, १० अंश ठेवत होतो, प्रत्यक्षात ते १८ होते.

म्हणून पहिलं काम हे करा. सगळे प्लग काढा, एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप लावा. क्रँक हाताने, अगदी सावकाश, पिस्टन अडेपर्यंत फिरवा आणि डॅम्परवर खूण करा. मग उलट दिशेने तसंच. दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टन अगदी माथ्यावर असतानाची जागा. स्टार्टरला चुकूनही हात लावू नका, पिस्टनला भोक पडेल.

खरा शून्य हाती आला की एकूण अॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी टीडीसीच्या किती अंश आधी पडते ते, मोजा. डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाला) जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून बंद करा, अॅडव्हान्स वाढायचा थांबेपर्यंत इंजिन चढवा, मिनिटाला साधारण ३००० फेरे. तुम्ही सुरुवातीला १२ अंश ठेवलेत असं लिहिलंय. डिस्ट्रिब्युटरच्या आत वजनांजवळच्या प्लेटवर १०एल, १३एल, १५एल असे आकडे कोरलेले असतात. ते डिस्ट्रिब्युटरचे अंश, क्रँकवर दुप्पट होतात. १३एल असेल तर २६, अधिक तुमचे १२, झाले ३८. या पेट्रोलवर आणि त्या उन्हात हे जास्तच आहेत. मी ३२ ते ३४ वर थांबतो. प्लेटवर दोन खाचा असतात. दुसरी १०एल ची असेल तर ती वापरा, २० अधिक १२ बरोबर ३२. फक्त प्लेट फिरवली की रोटरही १८० अंशांनी फिरतो, तेव्हा डिस्ट्रिब्युटर पुन्हा जुळवून बसवावा लागेल. आणि सुरुवातीचे अंश कमी करून हिशोब जुळवू नका, गाडी कमी फेऱ्यांवर मरगळते आणि जास्त तापते.

आता नळी बंद ठेवूनच तोच चढ चढा. अर्ध्या थ्रॉटलवरचा आवाज गेला तर व्हॅक्यूम अॅडव्हान्स जास्त आहे. थ्रॉटल पूर्ण दाबल्यावरच येत असेल तर व्हॅक्यूमला दोष देऊ नका, तेव्हा तो जवळजवळ शून्य असतो.

याउपर राहिलंच तर मिश्रण बघा. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, जुन्या मापाच्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मिश्रण थोडं पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, पडतं. मेन जेट एक माप मोठा लावून बघा. रेडिएटरवरचं श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण) जागेवर आहे ना, तेही बघा. कित्येक मस्टँगांवरून ते कधीच गायब झालेलं असतं.

तोवर चढावर गिअर उतरवा, थ्रॉटल दाबून धरू नका. आणि आजच प्लग काढून भिंगाखाली धरा. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले तर नॉक जोरात चालू आहे. चकचकीत बारीक मणी दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. मग टायमिंग दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.