पत्नी अमेरिकन नागरिक, नोकरी सतत देशाबाहेर: व्हिसा कोणता घ्यावा आणि ग्रीन कार्ड कसे टिकवावे

आपली पत्नी अमेरिकन नागरिक असून तिथेच राहते. आपण भारतीय पासपोर्टधारक आहात, आखातातील तेलविहिरीवर पाच आठवडे काम आणि पाच आठवडे सुट्टी अशा रोटेशनवर काम करता आणि ही नोकरी इतक्यात सोडण्याचा विचार नाही. अशा स्थितीत कोणता मार्ग धरावा आणि ग्रीन कार्ड मिळाल्यास ते टिकेल का, असे आपण विचारले आहे. माझीही बरीच वर्षे देशाबाहेरच्या प्रकल्पांवर गेली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्यासाठी योग्य मार्ग कॉन्सुलेटचाच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्नीने आय-१३० हा आपले नाते दाखवणारा अर्ज दाखल करावा, तो मंजूर झाल्यावर प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटर या कागदपत्रे तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे जाते, तिथे डीएस-२६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज आणि कागदपत्रे भरली जातात आणि भारतातील अर्जदारांची मुलाखत सामान्यतः मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये होते. नागरिकाच्या जोडीदारासाठी वार्षिक कोट्याची रांग नसते. वेळ लागतो तो कागद पुढे सरकण्याला. या साऱ्या काळात आपली नोकरी अखंड चालू राहू शकते, आणि रोटेशनवरच्या माणसाच्या दृष्टीने हाच या मार्गाचा सर्वांत मोठा फायदा आहे.

याउलट अमेरिकेत जाऊन तिथूनच आय-४८५, म्हणजे देशात राहून ग्रीन कार्ड मागण्याचा अर्ज, भरण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल, तर तो आपल्या उपयोगाचा नाही. तो अर्ज प्रलंबित असताना अ‍ॅडव्हान्स परोल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी, हाती येण्यापूर्वी देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. एच-१बी किंवा एल-१ या नोकरीच्या व्हिसांवर असलेल्यांना यातून सूट आहे, पण आपण त्यांत बसत नाही. परोल येईपर्यंत पाच आठवड्यांची सुट्टी केव्हाच संपलेली असेल. शिवाय पर्यटक व्हिसावर जाताना मनात तिथेच अर्ज करण्याचा हेतू ठेवणे हे अधिकाऱ्यापासून खरे कारण लपवणे ठरते, आणि तो ठपका पुढे फार महागात पडतो.

कागदपत्रांत आपल्यासारख्यांचे घोडे अडते ते पोलिसांच्या दाखल्यावर. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर ज्या देशात बारा महिने किंवा अधिक काळ वास्तव्य झाले, त्या प्रत्येक देशाचा दाखला लागतो. जुन्या कंपनीचा निवासी परवाना रद्द झाल्यानंतर असा दाखला मिळवणे त्रासाचे होते, म्हणून एखाद्या देशातून कायमचे निघतानाच तो मागून ठेवण्याची सवय चांगली. मुलाखतीच्या वेळी नवा मागितला गेला तरी अर्जाची वाट माहीत झालेली असते.

व्हिसा मिळाल्यावर पहिल्या प्रवेशाच्या वेळी पासपोर्टवर शिक्का बसतो आणि तो शिक्का असलेला व्हिसा एक वर्षापर्यंत ग्रीन कार्डाचे काम करतो. त्यामुळे प्लास्टिकचे कार्ड टपालाने येईपर्यंत घरी बसून राहण्याची गरज नाही; पुढच्या रोटेशनला आपण निर्धास्त जाऊ शकता. मात्र प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर कार्ड दोन वर्षांचे आणि सशर्त असेल, आणि त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अट काढून टाकण्याचा अर्ज भरावा लागेल. वर्षातला निम्मा काळ पती-पत्नी वेगळे राहत असताना संसार खरा असल्याचे कागदोपत्री दाखवणे हे आपले काम आहे. दोघांच्या नावाचा घरभाड्याचा करार, संयुक्त खाते, एकत्रित कर विवरण, विम्यातील वारस म्हणून नाव, ही सामग्री पहिल्या दिवसापासून जमवत जावी.

आता टिकण्याचा प्रश्न. सलग १८० दिवसांपेक्षा अधिक काळ बाहेर राहिल्यास परतताना अधिकारी नव्याने प्रवेश मागणाऱ्याप्रमाणे चौकशी करू शकतो, आणि एक वर्ष किंवा अधिक काळ बाहेर राहिल्यास नुसत्या कार्डावर परत येता येत नाही. तुमचा प्रत्येक दौरा पाच आठवड्यांचा असल्यामुळे यांपैकी कोणतीही मर्यादा ओलांडली जाणार नाही. म्हणून रीएंट्री परमिट, म्हणजे लांबच्या गैरहजेरीनंतर परत येण्याचा परवाना, आपल्याला आज लागत नाही. लांबच्या प्रकल्पावर पाठवणी झाली तर ते घ्यावे. ते कमाल दोन वर्षांचे असते, अर्ज अमेरिकेत हजर असतानाच करावा लागतो आणि त्याला मुदतवाढ नसते.

तरीही विमानतळावर प्रश्न विचारले जातीलच. घर कुठे आहे, मागच्या खेपेस किती दिवस राहिलात, कर भरता का, असे ते असतात. पत्नीच्या घराचा पत्ता आणि कंपनीचे रोटेशनविषयीचे पत्र जवळ ठेवावे. एखाद्या अधिकाऱ्याने कार्ड सोडल्याचा फॉर्म, म्हणजे आय-४०७, पुढे केला, तर त्यावर सही करणे ऐच्छिक असते, हे पक्के लक्षात ठेवा. सही नाकारून इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागण्याचा आपल्याला हक्क आहे. थकलेल्या प्रवाशाने काउंटरवर घाईने केलेली सही मागे घेणे फार कठीण जाते.

खरी अडचण नागरिकत्वाच्या हिशेबात आहे आणि तिकडे फार कमी लोक आधी पाहतात. नागरिकासोबत संसार करणाऱ्याला ग्रीन कार्डानंतर तीन वर्षांनी अर्ज करता येतो, पण त्या तीन वर्षांत किमान १८ महिने, म्हणजे ढोबळमानाने ५४८ दिवस, प्रत्यक्ष अमेरिकेत हजेरी हवी. निघण्याचा आणि परतण्याचा दिवस हजेरीतच धरला जातो, त्यामुळे आपले रोटेशन अगदी काठावर बसते, तेही प्रत्येक सुट्टी पूर्णपणे तिथे घालवली तर. तीन वर्षांत अशा सुमारे १५ सुट्ट्या होतात. प्रत्येक सुट्टीतले आठ दिवस आई-वडिलांकडे भारतात गेले, तर १२० दिवस कमी पडतात. पाच वर्षांच्या सामान्य नियमाकडे वळूनही सुटका होत नाही, कारण तिथेही ३० महिने, म्हणजे पुन्हा निम्माच काळ, लागतो. आई-वडिलांकडे जाऊ नका असे मी मुळीच सांगणार नाही; नागरिकत्वाची घाई नसेल तर ग्रीन कार्डावर राहून, बाहेरचे काम कमी झाल्यावर अर्ज करावा. गणना अर्जाच्या लगतच्या वर्षांची होत असल्यामुळे आधीची कमी हजेरी कायम आड येत नाही.

एन-४७०, म्हणजे नागरिकत्वासाठी वास्तव्य अखंड धरण्याची विनंती करणारा अर्ज, भरला की बाहेरचे दिवस हजेरीत धरतात, असा समज बराच पसरलेला आहे. त्यासाठी ग्रीन कार्डानंतर आधी एक वर्ष अमेरिकेत अखंड राहावे लागते आणि बाहेरची नोकरी अमेरिकन सरकार, अमेरिकन कंपनी किंवा तत्सम मान्य संस्थेची असावी लागते. एवढे करूनही सरकारी नोकर आणि धर्मकार्यासाठी गेलेले वगळता बाकीच्यांना वास्तव्यात खंड पडल्याचे मानले जात नाही इतकेच. हजेरीची अट तशीच राहते. रोटेशनवाल्याची गाडी पहिल्याच अटीपाशी थांबते.

करांचे थोडक्यात सांगतो, पण दुर्लक्ष करू नका. ग्रीन कार्डधारकाला जगभरातले उत्पन्न अमेरिकेत दाखवावे लागते आणि परदेशी खात्यांतील एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्यांची माहिती वेगळी द्यावी लागते. भारतातील एनआरई खातीही त्यात आली. कर वाचवण्यासाठी विवरण अनिवासी म्हणून भरण्याचा सल्ला मिळेल, तो मानू नका. आपण कायमचे वास्तव्य सोडले असे मानण्याला तो स्वतःच्या हाताने दिलेला पुरावा ठरू शकतो.

आपल्या लग्नाची तारीख आणि कंपनी कोणत्या देशात नोंदलेली आहे, हे कळवलेत तर सशर्त कार्डाबद्दल अधिक नेमके सांगता येईल. पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला असेल किंवा मुदतीपेक्षा जास्त राहणे झाले असेल, तर मात्र आय-१३० भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटावे.