कोच खेळवत नाहीत, म्हणजे मी कमी पडतो का?

"एवढा राबतो, तरी कोच उतरवत नाहीत. मी कमीच पडत असणार." अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं हे मला वारंवार सांगतात. मागोमाग आईवडील विचारतात, "सोडून दे म्हणावं का?"

ओळख पटू नये एवढे बदल करून एका मुलाची हकिकत सांगते. मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात तो वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय आलेला खेळाडू होता. 2024च्या मोसमापर्यंत वरच्या विभागातल्या संघांना 85 स्कॉलरशिपचीच मुभा होती. बाकीची मुलं चाचणी देऊन, घरच्या पैशांवर फी भरून खेळायची. हा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या ओळीमागे उभा राहणारा, पण स्काउट टीममधला.

"काकू, आठवडाभर मी समोरच्या संघाचा लाइनबॅकर बनतो. आमच्याच पहिल्या फळीला सराव मिळावा म्हणून. शनिवारी नुसता कडेला उभा."

"त्यातून शिकलास काय?"

"काही नाही."

"बरं, मागच्या आठवड्यात कुणाची नक्कल केलीस?"

मग गडी खुलला. माझ्या टेबलावरची पेनं त्याने ओळीत मांडली. "हा गार्ड, समोरच्या आक्रमणाच्या पुढच्या ओळीतला. चेंडू निघाल्यावर हा मागे सरकला की पास, म्हणजे चेंडू फेकणार; पुढे घुसला की रन, म्हणजे घेऊन पळणार. तो लाइनबॅकर चेंडूकडे बघतच नाही, याच्याकडे बघतो." बराच वेळ पेनं सरकत राहिली. मधेच तो थांबला. "हे मला कधी कळायला लागलं?"

"तूच सांग."

"स्काउट टीममध्येच."

त्या दिवशी गाठ सुटली. कोच त्याच्या खेळाला गुण देत होते आणि हा ते स्वतःच्या नावावर लिहीत होता. गुण कृतीला द्यावेत, माणसाला देऊ नयेत, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. स्वतःला तोलण्यात अडकलेलं डोकं मोकळं झालं तरच गार्डचं पाऊल दिसतं. त्याने कोचना "कधी खेळवणार?" विचारणं सोडलं आणि "पुढच्या आठवड्यात काय सुधारू?" विचारायला लागला. आधी किकऑफच्या, म्हणजे लाथेने चेंडू मारून खेळ सुरू करताना उतरणाऱ्या तुकडीत आला, मग बचावात. शेवटच्या वर्षी स्कॉलरशिप मिळाली आणि संघात सर्वाधिक टॅकल, म्हणजे चेंडू नेणाऱ्याला पाडणं, त्याचे होते. मला त्याचं फार कौतुक आहे.

पालक फुटबॉलपटू जे. जे. वॉटचा दाखला देतात. सेंट्रल मिशिगनची स्कॉलरशिप सोडून तो पिझ्झा पोचवत होता, 2008मध्ये विस्कॉन्सिनला वॉक-ऑन झाला, पुढे तीनदा एनएफएल या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. खरं आहे. पण हा दाखला मुलांवर फेकू नका, त्यांना त्यात "तूही तसा हो" एवढंच ऐकू येतं. "आज खेळवलं का?" ऐवजी "आज काय नवीन दिसलं?" असं विचारा.

सोडायचं असेल तर फी, अभ्यास आणि दुखापती बघून ठरवा. "मी कमी पडतो" या भावनेच्या भरात नको. आणि डोक्याला मार लागून गरगरत असेल, उजेड सहन होत नसेल, तर खेळ तिथेच थांबवून आधी डॉक्टरांकडे जा. माझ्याकडे नंतर या.