मांजरीला डॉक्सिसायक्लिन सुरू असताना घरातली ‘पॅन’ द्यावी का?

आपण विचारले आहे की, मांजरीला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू झाल्यावर तिने उलटी केली आणि घरात वडिलांसाठी आणलेल्या पॅन ४० (पँटोप्राझोल) व रॅनटॅक (रॅनिटिडीन) या जठरातील आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या पडून आहेत, तर त्यांपैकी कोणती द्यावी, किती द्यावी आणि किती दिवस द्यावी. माझ्या मते दोन्हींपैकी एकही देऊ नये. मांजरांच्या बाबतीत डॉक्सिसायक्लिनचा मोठा धोका जठराला नसून अन्ननलिकेला असतो. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहते, तिथले अस्तर भाजून निघते आणि जखम भरताना ती जागा इतकी आकसते की पुढे घास उतरेनासा होतो. म्हणून गोळी दिल्यावर लगेच बिनसुईच्या सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी हळूहळू पाजावे किंवा ओले खाणे पुढे ठेवावे. अडकलेल्या गोळीचा त्रास जठरातील आम्ल कमी केल्याने टळत नाही.

मी ठाण्यातील एका रुग्णालयाच्या औषध विभागात निवृत्त होईपर्यंत फार्मासिस्ट होते. मी पशुवैद्य नाही. तरीही सविस्तर लिहिते आहे, याचे कारण आपल्या प्रश्नातील एक वाक्य: ‘सोबत पोटाची गोळी दिली की बाकी औषधांची काळजी नाही, असे ऐकले आहे.’ हे वाक्य मी आमच्या पाचपाखाडीच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, माझ्या मोठ्या दिरांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकत आले आहे.

आमच्याकडे बंटी नावाचा लॅब्राडोर होता. वजन तीस किलोच्या आसपास, वय झालेले आणि मागचे पाय खुब्यात धरलेले. एका पावसाळ्यात त्याला जिना चढवेना, तेव्हा भाऊजींनी स्वतःच्या गुडघ्यासाठी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून आणलेली ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल यांची एकत्र वेदनाशामक गोळी त्याला सुरू केली. मी हरकत घेतली. त्यावर त्यांचे उत्तर तयार होते: “अगं, नुसती नाही देत, पॅनबरोबर देतोय. तुमच्या रुग्णालयात तरी दुसरं काय करतात?” गोळी दिल्यावर बंटी दोन-तीन दिवस खरोखर टुणटुणीत चालू लागला. त्यामुळे माझी हरकत म्हणजे सुनेचा शहाणपणा ठरला आणि गोळ्या चालू राहिल्या.

मग त्याने खाणे सोडले. आधी पोळी नाकारली, नंतर चिकनही. त्याची शी काळी, चिकट आणि उग्र वासाची होऊ लागली. भाऊजींनी त्याचा दोष गच्चीवर त्याने काहीतरी खाल्ले असेल, यावर टाकला. मी त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, त्या जवळजवळ पांढऱ्या पडल्या होत्या. काळी शी आणि फिक्या हिरड्या एकत्र दिसल्या की जठरातून किंवा आतड्याच्या वरच्या भागातून रक्त जात आहे असे समजावे आणि सकाळ होण्याची वाट पाहू नये. रविवारची रात्र होती, पाऊस कोसळत होता, परळच्या जनावरांच्या रुग्णालयापर्यंत द्रुतगती महामार्गाने जाण्याची कोणाचीही छाती होईना. शेवटी शहरातच एका पशुवैद्यांनी दवाखाना उघडून त्याला दाखल करून घेतले. शिरेतून सलाईन दिले, वेदनाशामक तत्काळ थांबवले आणि पँटोप्राझोलची इंजेक्शने दिवसातून दोनदा सुरू केली. बंटी वाचला, आणि त्यानंतर बराच काळ जगला.

भाऊजींचा वाद नेमका इथे सुरू होतो. त्यांचे म्हणणे असे की, डॉक्टरांनीही शेवटी पँटोप्राझोलच दिले, म्हणजे पहिल्यापासून त्यांचेच औषध बरोबर होते आणि त्या गोळीमुळेच कुत्रा तोपर्यंत तगला. गणपतीत नातेवाईक जमले की ही कथा हमखास सांगितली जाते. घरातली मोठी माणसे समोर असताना मी कधी पुरते उत्तर दिले नाही. ते इथे देते.

भाऊजी बंटीला अर्धी पॅन ४० दहीभातात कुस्करून देत; म्हणजे २० मिलिग्रॅम, आणि तीही दिवसातून एकदा. कुत्र्या-मांजरांमध्ये पँटोप्राझोलच्याच गटातील ओमेप्राझोलची रूढ मात्रा दर किलोला सुमारे १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा अशी आहे; एकदाच दिल्यास आम्ल पुरेसा वेळ दबून राहत नाही. या हिशेबाने बंटीला दिवसाला साठ मिलिग्रॅमच्या घरात औषध लागले असते आणि त्याच्या पोटात त्याचा तिसरा हिस्सा जात होता. दुसरे असे की, या गोळीवर जे आवरण असते ते औषधाला जठरातील आम्लापासून वाचवण्यासाठीच असते. गोळी मोडून दहीभातात कुस्करली की औषधाचा काही भाग आतड्यात पोहोचण्यापूर्वीच नासतो. तिसरे, आम्ल बनवणाऱ्या पेशींमधले पंप खाण्यामुळे चालू होतात आणि औषध त्याच वेळी रक्तात हजर असावे लागते, म्हणून ते जेवणाआधी अर्धा ते एक तास द्यायचे असते, जेवणात कालवून नव्हे. त्यातही पूर्ण परिणाम यायला काही दिवस लागतात, आणि वेदनाशामक मात्र पहिल्या गोळीपासून काम करू लागते.

आता समजा, त्यांनी मात्रा, वेळ आणि आवरण असे सगळे नीट सांभाळले असते. तरीही ‘काळजी नाही’ हे म्हणणे टिकत नाही. जठराचे अस्तर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांच्या आधाराने शाबूत राहते. त्यांच्यामुळे श्लेष्म्याचा थर तयार होतो आणि अस्तराला रक्त मिळत राहते. ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधे हा आधारच काढून घेतात. पँटोप्राझोल फक्त आम्ल कमी करते, काढून घेतलेला आधार परत देत नाही. त्यामुळे वेदनाशामक थांबवल्यावर, जखम भरून येईपर्यंत आम्ल दूर ठेवण्यासाठी ते अत्यंत उपयोगी असते, आणि डॉक्टरांनी ते त्यासाठीच दिले होते. वेदनाशामक चालू ठेवण्याचा परवाना म्हणून तेच औषध वापरणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. आतड्याच्या खालच्या भागात तर आम्लाचा संबंधच नसतो, तिथे या गोळीचे संरक्षण पोहोचत नाही; उलट या दोन गटांतली औषधे एकत्र दिलेल्या निरोगी कुत्र्यांच्या आतड्यांतील जिवाणूंचा समतोल बिघडलेला आढळला आहे. जाता जाता सांगते: केंद्र सरकारने २००६ मध्ये डायक्लोफिनॅकच्या आणि २०२३ मध्ये ॲसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेनच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी घातली ती गिधाडे वाचवण्यासाठी, आपल्या घरातल्या कुत्र्याला स्वतःची गोळी देणाऱ्यांना ती बंदी अडवत नाही.

भाऊजींना एकट्यालाच दोष देण्यात अर्थ नाही, कारण ही सवय चिठ्ठी लिहिणाऱ्यांनीच लावली आहे. प्रतिजैविक असो, स्टेरॉइड असो की साधी उलटी, देवळातल्या तीर्थप्रसादाप्रमाणे सोबत पोटाची गोळी येतेच. पशुवैद्यकातील अंतर्गत विकारांच्या तज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०१८ मध्ये या विषयावर जे एकमताचे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात साधा जठरदाह, स्वादुपिंडाचा दाह किंवा मांजरांतील मूत्रपिंडाचा जुना आजार यांत रक्तस्राव वा अल्सरची चिन्हे नसतील तर आम्लविरोधी औषधाला पुरेसा आधार सापडलेला नाही. एकट्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडबरोबर प्रतिबंध म्हणून ते देण्यालाही आधार नाही. मात्र स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकाच वेळी देणे हे खरोखर धोक्याचे आहे, आणि त्यावर पोटाची गोळी हा उपाय नाही. दोहोंपैकी एक औषध बंद करणे हाच उपाय आहे.

रॅनटॅकविषयी थोडक्यात लिहिते. नेहमीच्या मात्रेत रॅनिटिडीन कुत्र्यांचे आम्ल फारसे कमी करत नाही. त्याच गटातील फॅमोटिडीन अधिक प्रभावी आहे, परंतु ते रोज दिल्यास शरीर त्याला सरावते आणि परिणाम ओसरतो. २०२२ मध्ये रॅनिटिडीन आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही वगळले गेले.

काही गोष्टी माझ्या वरच्या विधानांना मुरड घालणाऱ्या आहेत, त्याही लिहिणे भाग आहे. तुकडा केलेल्या ओमेप्राझोलच्या गोळ्यांनीही मांजरांच्या जठरातील आम्ल कमी झाल्याचे एका अभ्यासात दिसले आहे, म्हणून गोळी मोडली की ती पूर्ण वाया जाते असे मी म्हणणार नाही. (भाऊजींना हे कळू नये, एवढीच इच्छा.) अल्सर, रक्ताची उलटी, अन्ननलिकेचा दाह किंवा आम्ल वाढवणारी गाठ असेल तर ही औषधे अवश्य द्यावीत आणि पूर्ण मात्रेत द्यावीत, माझा वाद औषधाशी नाही. ती तीन-चार आठवड्यांहून अधिक चालू राहिली असतील तर एकदम थांबवू नयेत, दर आठवड्याला निम्मी करत बंद करावीत, अन्यथा दबलेले आम्ल उसळते.

सुक्राल्फेट हे अल्सरवर लेप धरणारे पातळ औषध निरुपद्रवी समजून कोणी सुचवले तर तेही स्वतःहून देऊ नका, कारण ते डॉक्सिसायक्लिनला बांधून ठेवते आणि प्रतिजैविक अंगी लागत नाही. द्यायचेच ठरले तर दोहोंत किमान दोन तासांचे अंतर हवे. माणसांच्या बिनसाखरेच्या पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल घातलेले असू शकते, आणि ते कुत्र्यांना विषासमान आहे. पॅरासिटामॉल तर मांजरीच्या जवळपासही नेऊ नका. ते निष्प्रभ करण्याची यंत्रणा तिच्या यकृतात फार तोकडी असते आणि एक गोळीही जीव घेऊ शकते.

आपल्या मांजरीने उलटीत गोळी बाहेर टाकली की खाल्लेले अन्न, आणि उलटी गोळीनंतर किती वेळाने झाली, हे आपण लिहिलेले नाही. डॉक्टरांना फोन करताना ते आधी सांगा आणि डॉक्सिसायक्लिन पातळ स्वरूपात किंवा खाण्याबरोबर देता येईल का, ते विचारा. तिने दिवसभरात काहीच खाल्ले नसेल तर मात्र फोनवर न थांबता तिला घेऊनच जा, कारण उपाशी मांजरीच्या, विशेषतः ती लठ्ठ असेल तर, यकृतात काही दिवसांतच चरबी साठू लागते आणि तो आजार उलटीपेक्षा कितीतरी अवघड असतो.