रेडिएटर वरच्या बाजूने थंड का राहतो?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टर येथे एका दुमजली घरात राहतो. घरात गॅसवर चालणारा कॉम्बी बॉयलर (घर उबदार ठेवण्यासाठी आणि नळासाठीही पाणी तापवणारे यंत्र) आणि नऊ रेडिएटर (आतून गरम पाणी फिरून खोली उबदार करणारे भिंतीलगतचे पोलादी पोकळ पत्रे) आहेत. थंडी सुरू झाल्यापासून वरच्या मजल्यावरील दोन रेडिएटर खालून गरम होतात, पण वरून थंडच राहतात आणि आतून पाणी खळखळल्याचा आवाज येतो. हवा काढली की आठ-दहा दिवस ठीक जातात, मग पुन्हा तीच तक्रार सुरू होते. बॉयलरवरील दाबाचा काटाही ०.६ बारपर्यंत उतरलेला असतो. हवा काढण्याची योग्य पद्धत कोणती आणि ती पुन्हा पुन्हा येते कोठून?

उत्तर : आपण सांगितलेली लक्षणे हवा अडकल्याचीच आहेत. पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे हवा सर्वांत उंच जागी जाऊन बसते आणि तेवढ्या भागात गरम पाणी पोहोचत नाही. पुण्या-नाशिककडे गच्चीवरील सोलरच्या टाकीला जी उभी, वरून उघडी नळी ठेवलेली असते, तिच्यातून ही हवा आपोआप निघून जाते. आपल्या लेस्टरच्या घरातील बंदिस्त यंत्रणेत तशी उघडी वाट नसते, म्हणून प्रत्येक रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा सोडण्याचा एक छोटा स्क्रू दिलेला असतो.

हवा काढण्यापूर्वी हीटिंग बंद करावे आणि रेडिएटर निवू द्यावेत. आतील पाण्याने भाजू नये हे एक कारण आहेच, शिवाय पंप फिरत असताना हवा एका जागी स्थिरावत नाही. रेडिएटरचे व्हॉल्व्ह उघडे असावेत. सुरुवात तळमजल्यापासून करावी, मग वरचा मजला घ्यावा आणि न्हाणीघरातील टॉवेल वाळवण्याचा उंच रेडिएटर सर्वांत शेवटी घ्यावा. स्क्रूखाली फडके आणि वाटी धरून चौकोनी तोंडाची किल्ली घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने पाव फेरा, फार तर अर्धा फेरा फिरवावी. स्क्रू पूर्ण काढू नये, कारण तो निसटला तर काळपट पाण्याची चिळकांडी थांबवणे कठीण जाते. फुस्स असा आवाज थांबून पाण्याची सलग धार लागली की स्क्रू बेताने आवळावा. या वेळी जवळ मेणबत्ती किंवा लायटर मुळीच नसावा. त्याचे कारण पुढे येईलच.

हवा निघाली की तिच्या जागी पाणी येते आणि दाब उतरतो, म्हणून शेवटी बॉयलरचा काटा पाहणे हा याच कामाचा भाग समजावा. यंत्रणा थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या दरम्यान असावा. एक बार म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब, त्यामुळे दुमजली घराला तेवढा पुरतो. कमी असेल तर पाणी भरण्याच्या नळीची तोटी हळूहळू उघडून दाब वाढवावा आणि नंतर तोट्या पक्क्या बंद झाल्याची खात्री करावी.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नळाच्या थंड पाण्यात हवा विरघळलेली असते. दहा अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहू शकतो. पाणी तापले की ही क्षमता घटते आणि वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. म्हणून नव्याने पाणी भरल्यावर पहिले काही दिवस थोडी हवा निघणे स्वाभाविक आहे. परंतु दर आठवड्याला दाब उतरतो, आपण पाणी भरता, त्या पाण्यातून नवी हवा येते आणि ऑक्सिजन रेडिएटरचे पोलाद आतून गंजवतो, असे चक्र आपल्या घरात चालू झालेले दिसते. पाणी भरत राहणे हा यावर उपाय नाही. पाणी जाते कोठे, ते शोधले पाहिजे.

यासाठी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, रेडिएटरच्या सांध्यांवर ओल किंवा हिरवट-तांबूस डाग आहेत का. दुसरी, हीटिंग चालू असताना काटा कोठवर चढतो. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि ती वाढ सामावून घेण्यासाठी आत रबरी पडदा असलेले एक भांडे असते. त्यातील हवा उतरली किंवा पडदा फाटला, तर दाब थेट ३ बारकडे धावतो, सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि घराबाहेर काढलेल्या तांब्याच्या नळीतून पाणी गळते. निवल्यावर काटा पुन्हा तळाशी येतो. घरात कोठेही ओल न दिसता दाब उतरत असेल, तर मी आधी या भांड्याचा संशय घेईन.

दाब टिकून राहूनही वायू साठत असेल, तर ती बहुधा हवा नसते. लोखंड पाण्यात गंजताना हायड्रोजन तयार होतो आणि तो पेट घेतो; मेणबत्ती नको म्हटले ते यासाठी. सोबत काळे पाणी येत असेल, तर यंत्रणा धुऊन त्यात गंजरोधक रसायन घालून घ्यावे. रेडिएटर वरून गरम आणि खालून थंड असेल, तर मात्र तळाशी गाळ बसलेला असतो. तेथे हवा काढून काहीच साधत नाही.

हवा सोडणे आणि दाब भरणे घरी करता येते, पण बॉयलरचे झाकण स्वतः उघडू नये. त्यासाठी ‘गॅस सेफ’ (ब्रिटनमधील गॅसची कामे करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेला इंजिनिअरच बोलवावा. तो येईपर्यंत आठवडाभर सकाळी यंत्रणा थंड असतानाचा आणि रात्री पूर्ण तापल्यानंतरचा दाब वहीत लिहून ठेवावा आणि ती वही त्याला दाखवावी.