फ्लटर ॲपमधल्या आपोआप तयार होणाऱ्या फाइली गिटमध्ये टाकायच्या का? टीममधल्या दुसऱ्याच्या लॅपटॉपवर बिल्डच होत नाही

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की तुमचे सिनियर म्हणतात, "जनरेटेड आहे ना, मग उडवून टाक ते अँड्रॉइड फोल्डर, परत तयार होईल." ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो, कारण हेच मी अगदी याच शब्दांत ऐकलंय, आणि त्याचा त्रास ना बोलणाऱ्याला झाला ना मला, झाला तो गावोगाव फिरणाऱ्या सेल्समन पोरांना.

आधी सरळ उत्तर. उडवू नका. फ्लटरमध्ये तर अजिबातच नाही. फ्लटर क्रिएट ही कमांड ते फोल्डर एकदा तयार करून देते आणि तिथून पुढं ते तुमचं असतं. परवानग्या, साइनिंगची सेटिंग, मिनिमम एसडीके (कमीत कमी कुठल्या अँड्रॉइडवर ॲप चालेल ते), फायरबेसच्या ओळी, आयकॉन, सगळं त्यातच राहतं. परत क्रिएट मारलं की फोल्डर येतं, तुमचे बदल येत नाहीत.

माझा किस्सा फ्लटरचा नाही, रिॲक्ट नेटिव्ह (फ्लटरसारखंच ॲप बनवायचं दुसरं साधन) आणि त्याच्या जोडीच्या एक्स्पोचा आहे, पण भांडण तेच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक चादर-टॉवेलचा कारखाना आहे, त्यांच्या सेल्समनसाठी ऑर्डर घ्यायचं ॲप आम्ही करत होतो. काम पुण्याच्या एका कंपनीमार्फत आलेलं, म्हणजे लीड तिकडचे आणि कोड लिहिणारे आम्ही इकडं जुळे सोलापुरात. सेल्समन कलबुर्गी, विजयपूर, लातूर, हैदराबाद असा फिरतो, दुकानदारासमोर ऑर्डर टाकतो आणि बॅगेतल्या छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर तिथल्या तिथं स्लिप काढून देतो. स्लिपवर डझन, साईज, रंग, रेट. दुकानदार ती गल्ल्यात ठेवतो आणि माल आला की तिच्यावरूनच मोजून घेतो. ज्यांनी ॲप नुसतं लॅपटॉपवर बघितलंय त्यांना ती स्लिप म्हणजे एक बटण वाटतं, पण त्या धंद्यात दुकानदाराचा विश्वास त्या कागदावर असतो.

त्या प्रिंटरची लायब्ररी प्रिंटरच्या कंपनीनं फक्त एएआर फाइल (अँड्रॉइडची तयार लायब्ररी) म्हणून दिलेली, मेव्हनवर, म्हणजे लायब्ऱ्यांच्या ऑनलाइन साठ्यावर, कुठंच नव्हती. ती अँड्रॉइड फोल्डरमध्ये लिब्जमध्ये ठेवली, ग्रेडलमध्ये (अँड्रॉइडची बिल्ड करणारं साधन) तिची ओळ टाकली, जावामध्ये एक छोटं मॉड्यूल लिहिलं आणि मॅनिफेस्टमध्ये ब्लूटूथ कनेक्टची परवानगी टाकली, कारण अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे एपीआय ३१ पासून, ती वेगळी लिहावी लागते आणि युजरकडून मागावीपण लागते. हे सगळं गिटमध्ये होतं, कमिट मेसेज नीट लिहून.

आता एक्स्पोची पद्धत अशी की प्रीबिल्ड ही कमांड तुमच्या ॲप जेसन आणि प्लगिन्सवरून अँड्रॉइड आणि आयओएस फोल्डर नव्यानं बनवते, त्याला ते कंटिन्युअस नेटिव्ह जनरेशन म्हणतात, आणि पद्धत चांगली आहे, मी तिच्या विरोधात कधीच नव्हतो. फोल्डर गिटइग्नोरमध्ये (गिटनं काय बाहेर ठेवायचं त्याची यादी) टाका, व्हर्जन वाढवायचं झालं की परत बनवा, मधली मारामारी वाचते. पण त्याला एक अट आहे, त्या फोल्डरमध्ये हातानं केलेलं काहीही शिल्लक नको. जे हातानं केलंय ते आधी कॉन्फिग प्लगिनमध्ये किंवा लोकल मॉड्यूलमध्ये हलवायचं, मग फोल्डर सोडायचं. हे मी कॉलवर सांगितलं, तिकिटावरपण लिहून ठेवलं. पुण्याचे लीड सर म्हणाले, "अरे जनरेटेड आहे ते, परत येईल. प्लगिनचं नंतर बघू."

एक्स्पोच्या एसडीकेचं व्हर्जन वाढवताना त्यांनी प्रीबिल्ड क्लीन (जुने फोल्डर पुसून नवे बनवणारं) मारलं, दोन्ही फोल्डर गिटइग्नोरमध्ये टाकले आणि पुल रिक्वेस्ट पुण्यातच मर्ज झाली. तो डिफ, म्हणजे आधीच्या-नंतरच्या फाइलींतला फरक, उघडून बघा कधीतरी असा. वरून खालपर्यंत नुसता लाल, म्हणजे काढून टाकलेलं. शेकडो ओळी टेम्प्लेटच्या, आयकॉनच्या, ग्रेडलच्या, आणि त्यांच्या मधे कुठंतरी माझं जावाचं मॉड्यूल, तेपण लालच. आख्खं फोल्डर जातंय म्हणल्यावर कोण एकेक फाइल उघडतंय. बिल्ड हिरवी आली. येणारच, कारण कंपायलरला जे नाहीच त्याची तक्रार तो कशाला करील. ॲपपण मस्त उघडत होतं, कारण साहेब लोकांचे आयफोन होते आणि त्यांना प्रिंट नको होती, म्हणून जावास्क्रिप्टमध्ये पहिल्यापासूनच अशी सोय होती की प्रिंटरचं मॉड्यूल नसेल तर गप परत फिरायचं. म्हणजे क्रॅश नाही, एरर नाही, क्रॅश नोंदवणाऱ्या क्रॅशलिटिक्सवर एक ओळ नाही.

शनिवारी कलबुर्गीहून फोन आला. "दादा, स्लिप येईना झालीय." मी विचारलं प्रिंटर चालू आहे का, तर म्हणला निळा दिवा लागलाय, फोनमध्ये पेअर दाखवतंय, रोल नवीन घातलाय, बटण दाबलं की ते जरा फिकं होतंय आणि परत जागेवर येतंय, बाकी काहीच नाही. मागून दुकानदाराचा आवाज येत होता, कानडीत काहीतरी म्हणत होता, आणि हा पोरगा बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर हातानं ऑर्डर लिहून सही घेत होता. मग विजयपूरचा फोन, मग लातूरचा. मग कारखान्याच्या मॅनेजरांचा, ते मूळचे तेलुगू, पण रागावले की शुद्ध सोलापुरी, "काय करून ठेवलाव बे हे? सीझनला पोरांनी वहीवर लिहायचं का?"

ते सोडवलं कसं ते नीट सांगतो, कारण तुम्हाला हेच करावं लागणार आहे. जुनं फोल्डर गिटच्या इतिहासात होतं, पण ते जसंच्या तसं आणून उपयोग नव्हता, एसडीके बदललेला. मग एका रिकाम्या डिरेक्टरीत जुन्याच एसडीकेवर, त्याच नावानं आणि त्याच पॅकेज आयडीनं, कोरा प्रोजेक्ट बनवला, प्रीबिल्ड मारलं, आणि त्याचं अँड्रॉइड फोल्डर एकीकडं नि आमचं जुनं एकीकडं असा डिफ काढला. टेम्प्लेटचं सगळं एकमेकांत मिटतं आणि जे उरतं ते फक्त माणसानं केलेलं काम असतं. मोजकंच निघतं, एका स्क्रीनवर बसतं. एवढीच यादी घेऊन बसलो, जावाचं मॉड्यूल आणि एएआर एक्स्पोच्या लोकल मॉड्यूलमध्ये हलवलं, परवानगी ॲप जेसनमध्ये, ग्रेडलच्या ओळीसाठी छोटा प्लगिन. मग प्रीबिल्ड क्लीन परत परत मारून बघितलं, दर वेळी सगळं जागेवर. सेल्समन पोरांचे जीमेल पत्ते गोळा करून प्लेच्या इंटरनल टेस्टिंगवर टाकलं आणि लिंक ग्रुपवर दिली, तेव्हा कुठं स्लिपा सुरू झाल्या.

आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये काय ऐकायला मिळालं, तर "सोलापूरच्या टीमनं जनरेटेड फोल्डरमध्ये मॅन्युअल बदल केले, म्हणून झालं." मला अजून ते पटलेलं नाही आणि पटणारपण नाही. प्रिंटर चालवायचा तर बदल कुठंतरी लिहायलाच लागणार होते, त्या वेळी जागा ती होती, गिटमध्ये होते, तिकिटावर लिहिलेलं होतं. फाइल पहिल्यांदा मशीननं लिहिली का माणसानं, याला काही अर्थच नाही. आज ती उडवली तर एक कमांड मारून तिच्यातली ओळ न् ओळ परत मिळते का, एवढंच बघायचं. मिळत असेल तर गिटमध्ये नको. एक ओळ जरी मिळत नसेल तर ती सोर्स आहे, मग तिचा जन्म कुठंही झालेला असो. उडवायच्या आधी हे तपासायचं काम उडवणाऱ्याचं आहे.

आता तुमच्या फ्लटरला हे लावा. बिल्ड फोल्डर, डॉट डार्ट टूल, लोकल प्रॉपर्टीज, आयओएसमधली जनरेटेड एक्ससीकॉन्फिग, जनरेटेड प्लगिन रजिस्ट्रंट, पॉड्स फोल्डर, हे सगळं बाहेर, आणि बहुतेक तर फ्लटरचं स्वतःचं गिटइग्नोर आधीच बाहेर ठेवतं, त्याला हात लावू नका. अँड्रॉइड आणि आयओएस फोल्डर आत. कुणाला शंका असेल तर वरचा डिफ फ्लटर क्रिएटनं करून दाखवा, फ्लटरचं व्हर्जन, प्रोजेक्टचं नाव आणि ऑर्ग (पॅकेज आयडीचा सुरुवातीचा भाग) तेच द्या म्हणजे झालं, वाद तिथंच मिटतो.

दुसऱ्याच्या लॅपटॉपवर बिल्ड का होत नाही, तर माझा पहिला संशय लॉक फाइलींवर, म्हणजे कुठल्या लायब्ररीचं नेमकं कुठलं व्हर्जन ते लिहून ठेवणाऱ्या फाइलींवर. आमच्या त्याच सरांनी पॅकेज लॉकपण "जनरेटेडच आहे" म्हणून इग्नोरमध्ये टाकलेलं. लॉक फाइल मशीनच लिहितं, पण उडवून परत बनवली तर तीच येईल याची खात्री नाही, मधल्या काळात नवीन व्हर्जन आलेलं असतं, आणि मग तुमच्याकडं एक, शेजारच्याकडं दुसरंच. ॲप असेल तर पबस्पेक लॉक आणि पॉडफाइल लॉक कमिट करायचे म्हणजे करायचेच. इंटरनेटवरून परत मिळेल यावरपण फार विसंबू नका. २०२१ मध्ये जेसेंटर हा लायब्ऱ्यांचा ऑनलाइन साठा बंद करणार म्हणून जाहीर झालं तेव्हा जुन्या अँड्रॉइड प्रोजेक्टवाल्यांना डिपेंडन्सी दुसरीकडं हलवत बसायला लागलं होतं. म्हणूनच आमची ती एएआर मी गिटमध्येच ठेवली, बायनरी गिटमध्ये नको हा नियम मला पाठ आहे, पण प्रिंटरवाला उद्या ती फाइल परत देईल याची हमी कोण घेणार.

मग जावा. अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८ ला जावा १७ लागतं, शेजारच्याच्या लॅपटॉपवर कॉलेजच्या काळातलं जावा ८ पडलेलं असतं. फ्लटरचं व्हर्जन एफव्हीएमनं (प्रोजेक्टला फ्लटरचं एकच व्हर्जन ठरवून देणारं साधन) बांधून टाका आणि त्याची एफव्हीएमआरसी फाइल कमिट करा. ग्रेडलचं व्हर्जन रॅपर प्रॉपर्टीजमध्ये असतं, ती फाइलपण आत.

थोडं राहिलेलं. डॉट जी डॉट डार्ट फाइली (बिल्ड रनर हे साधन लिहून देतं त्या) मी कमिट करत नाही, बिल्ड रनर सीआयवर, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर, चालवतो, पण तुम्ही पॅकेज करून पब्लिश करणार असाल तर त्या द्याव्याच लागतात, आणि सीआयच नसेल तर कमिट केल्यातरी चालतंय, फक्त कॉन्फ्लिक्ट आला की हातानं सोडवू नका, परत जनरेट करा. एक्सकोडच्या (आयओएस ॲपची बिल्ड करणारं साधन) पीबीएक्सप्रोज या प्रोजेक्ट फाइलीचे कॉन्फ्लिक्ट हा वेगळाच ताप, पण एक्सकोड १६ पासून फोल्डर प्रोजेक्टशी आपोआप जुळतात, नवीन फाइल टाकली की दर वेळी पीबीएक्सप्रोज बदलत नाही, ते चालू करून घ्या. कीस्टोर (ॲपवर सही करायची किल्ली) आणि की प्रॉपर्टीज (तिचे पासवर्ड) मात्र गिटमध्ये कधीच नाही, भले परत बनत नसली तरी. ती ऑफिसमध्ये दोन ठिकाणी जपून ठेवा. ऑगस्ट २०२१ नंतरचं नवीन ॲप असेल तर ॲपची खरी किल्ली गूगलकडं असते आणि तुमची अपलोड की हरवली तर बदलून मिळते, त्याआधीचं असेल आणि प्ले ॲप साइनिंग घेतलेलं नसेल तर किल्ली गेली की त्या ॲपला अपडेट देता येत नाही.

एवढं करूनही बिल्ड झाली नाही तर नुसतं "फेल्ड" लिहू नका. ग्रेडलच्या आउटपुटमध्ये "व्हॉट वेंट राँग" असतं, त्याच्या खालच्या ओळी आणि दोन्ही लॅपटॉपवरचं फ्लटर डॉक्टर या कमांडचं आउटपुट टाका, बघून सांगतो.